समृद्धीचे दशक आणि उंबरठ्याबाहेरचे साहित्य

१

एखाद्या कालखंडाला विशेषण चिकटले की त्याचा इतिहास लिहून झाला, असा समज सहज होतो. १९५० ते १९६० या दशकातील अमेरिकेच्या वाट्याला अशी दोन विशेषणे आली : ‘समृद्ध’ आणि ‘साचेबद्ध’. पहिल्यामागे नवी घरे, लांबलचक मोटारी, दूरचित्रवाणी संच आणि मुलाबाळांनी गजबजलेली अंगणे आहेत; दुसऱ्यामागे त्याच अंगणांकडे पाहून अस्वस्थ झालेल्या समाजशास्त्रज्ञांचे आणि कादंबरीकारांचे लेखन आहे. वरकरणी ही दोन चित्रे परस्परविरोधी भासतात. तथापि दोहोंच्या केंद्रस्थानी एकच व्यक्ती उभी आहे. मोठ्या कंपनीत पगारी नोकरी करणारा, उपनगरात राहणारा, विवाहित गौरवर्णीय पुरुष ही ती व्यक्ती होय. तो सुखी आहे की आतून पोखरलेला आहे, एवढाच काय तो मतभेद.

या दशकाच्या सांस्कृतिक इतिहासाचा खरा पेच येथे आहे. ज्या साधनांनी ही समृद्धी घडवली, त्याच साधनांनी समाजातील काही घटकांना तिच्यापासून दूर ठेवले. समृद्धीचे तत्कालीन टीकाकार मात्र घरात राहणाऱ्यांच्या मनोवस्थेची चिकित्सा करीत राहिले. घराचे दार कोणासाठी बंद आहे, हा प्रश्न त्यांच्या चिकित्सेच्या कक्षेत क्वचितच आला. तो प्रश्न ज्या साहित्याने विचारला, त्याचे स्वागत झाले. पण ते प्रश्न बाजूला सारून झाले. हे कसे घडले, आणि त्यात त्या काळाच्या समीक्षापद्धतीचा वाटा कोणता, हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने उद्‌बोधक ठरते.

२

समृद्धी खरी होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १९५० मध्ये सुमारे ३०० अब्ज डॉलर असलेले अमेरिकेचे स्थूल राष्ट्रीय उत्पन्न १९६० मध्ये ५०० अब्जांच्या वर गेले. १९४० मध्ये स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. १९६० मध्ये ते ६२ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. १९५० मध्ये शेकडा ९ घरांत दूरचित्रवाणी संच होता. दहा वर्षांनी तो शेकडा ८७ घरांत होता. १९५७ या एका वर्षात ४३ लाख मुले जन्माला आली. मंदीच्या वर्षांत वाढलेल्या पिढीला हा पालट अद्‌भुत वाटला असल्यास नवल नाही.

ही समृद्धी मुक्त बाजारपेठेतून आणि व्यक्तीच्या उद्यमशीलतेतून आपोआप उगवली, ही त्या दशकाची आवडती आख्यायिका होती. वस्तुस्थिती निराळी आहे. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च आणि घरासाठी हमीकृत कर्ज देऊ केले. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षणाच्या अथवा प्रशिक्षणाच्या सवलतीचा लाभ घेतला. १९५२ पर्यंत सुमारे २४ लाख गृहकर्जांना शासनाची हमी मिळाली. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघराज्यीय गृहनिर्माण प्रशासनाने दीर्घ मुदतीचे आणि अल्प व्याजाचे तारण कर्ज सर्वसामान्य केले. १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या महामार्गांचे जाळे मंजूर झाले आणि त्याच्या खर्चाचा नव्वद टक्के भार संघराज्याने उचलला. शीतयुद्धाच्या संरक्षणखर्चाने कॅलिफोर्नियापासून पुढे अनेक राज्यांत कारखाने धडधडत ठेवले. १९५० मध्ये जनरल मोटर्स आणि मोटार कामगारांची संघटना यांच्यात झालेल्या करारासारख्या तडजोडींनी संघटित कामगारालाही मध्यमवर्गीय राहणीमान आवाक्यात आणून दिले. खाजगी घराच्या प्रत्येक विटेत सार्वजनिक पैसा होता.

या घराचे प्रातिनिधिक रूप लेविटाउनमध्ये दिसते. ‘उपनगर’ या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मुंबईच्या लोकलमार्गावरील दाट वस्ती येते. अमेरिकन उपनगर म्हणजे शहरापासून दूर, मोटारीवर अवलंबून असलेली, सुट्या एकमजली-दुमजली घरांची वसाहत. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील बटाट्याच्या शेतांत लेविट यांच्या कंपनीने १९४७ ते १९५१ या काळात १७,००० हून अधिक घरे उभारली. घरबांधणीचे काम लहान लहान टप्प्यांत विभागलेले होते. कारखान्यात वस्तू सरकते आणि कामगार जागेवर उभा राहतो. येथे घर जागेवर राही आणि कामगारांच्या तुकड्या एका भूखंडावरून दुसऱ्या भूखंडावर सरकत. १९४९ मध्ये अशा घराची किंमत आठ हजार डॉलरच्या आत होती.

या घरांच्या सुरुवातीच्या भाडेकरारात एक कलम होते. घरकामाचे नोकर वगळता गौरवर्णीयांखेरीज अन्य कोणालाही तेथे राहू देता येणार नाही, असे ते बजावत असे. ते केवळ एका बांधकाम व्यावसायिकाच्या पूर्वग्रहाचे फलित नव्हते. वस्ती वंशदृष्ट्या एकजिनसी असेल तर कर्ज सुरक्षित, अशी गृहनिर्माण प्रशासनाच्या मूल्यमापन-पुस्तिकेचीच शिकवण होती. अशी कलमे न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. कलमे पुसली गेली, व्यवहार टिकला. मिसिसिपी राज्यातील तेरा शहरांच्या पाहणीत, १९४७ मध्ये माजी सैनिकांसाठी हमी दिलेल्या ३,२२९ कर्जांपैकी केवळ दोन कृष्णवर्णीयांना मिळाल्याचे आढळले. युद्धात गणवेश सर्वांच्या अंगावर होता. परतल्यावर मिळालेली घराची किल्ली सर्वांच्या हाती पडली नाही. महामार्गांचीही हीच कथा आहे. उपनगरातील घर आणि शहरातील कचेरी यांना जोडणारे रस्ते पुढील काही वर्षांत सेंट पॉलमधील राँडो किंवा मायामीतील ओव्हरटाउन यांसारख्या कृष्णवर्णीय वस्त्या चिरत गेले.

आकडेवारीचा आणखी एक पैलू नोंदवला पाहिजे. नंतरच्या अधिकृत मोजमापानुसार १९५९ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ कोटी लोक, म्हणजे लोकसंख्येच्या २२ टक्क्यांहून अधिक, दारिद्र्यरेषेखाली होते. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. मायकेल हॅरिंग्टन यांच्या ‘दि अदर अमेरिका’ने १९६२ मध्ये हे दारिद्र्य सार्वजनिक चर्चेत आणले, तेव्हा वाचकांना धक्का बसला. ज्या समाजात पाचांतील एकाहून अधिक माणसे गरीब आहेत, त्या समाजाला गरिबीचे अस्तित्व पुस्तकातून कळावे, ही गोष्टच उपनगरीय रचनेच्या यशाची साक्ष देते. महामार्गावरून जाणाऱ्या मोटारीतून झोपडी दिसत नाही.

३

समृद्धीवरील टीकाही याच दशकात जोमाने फुलली. डेव्हिड रीझमन यांनी नेथन ग्लेझर आणि रूएल डेनी यांच्या साहाय्याने लिहिलेल्या ‘द लोन्ली क्राउड’ (१९५०) या ग्रंथाने परंपराप्रेरित, अंतःप्रेरित आणि परप्रेरित असे स्वभावाचे तीन नमुने मांडले. नव्या अमेरिकन मध्यमवर्गाचा माणूस परप्रेरित आहे. त्याच्या अंतरंगातील जायरोस्कोपची जागा भोवतालच्या लोकांचे संकेत टिपणाऱ्या रडारने घेतली आहे, ही त्यांची प्रतिमा लोकप्रिय झाली. सी. राइट मिल्स यांनी ‘व्हाइट कॉलर’ (१९५१) मध्ये पगारी मध्यमवर्गाची परात्मता वर्णिली. विल्यम व्हाइट यांच्या ‘दि ऑर्गनायझेशन मॅन’ने (१९५६) शिकागोजवळच्या पार्क फॉरेस्ट या वसाहतीचा अभ्यास करून संघटनेला स्वतःचे सर्वस्व वाहणाऱ्या माणसाचे चित्र रेखाटले. जॉन केनेथ गॅलब्रेथ यांनी ‘दि अॅफ्लुअंट सोसायटी’त (१९५८) खाजगी श्रीमंती आणि सार्वजनिक दैन्य यांतील विसंगतीवर बोट ठेवले.

या लेखनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यातील चिंतेचा आशय तपासला पाहिजे. रीझमन आणि व्हाइट यांना भेडसावणारा प्रश्न एकसारखेपणाचा आहे. सगळी घरे सारखी, सगळी माणसे सारखी, सगळ्यांच्या इच्छा सारख्या. मग व्यक्तित्वाचे काय होणार? या एकजिनसीपणाला कायदा, कर्जाची अट आणि खरेदीखतातील कलम यांनी आकार दिला आहे, ही बाब त्यांच्या विवेचनात मध्यवर्ती होत नाही. वंशभेदाने निर्माण केलेला एकजिनसीपणा मनोवृत्तीचा दोष म्हणून वाचला गेला. राजकीय प्रश्नाचे असे मानसशास्त्रीय प्रश्नात रूपांतर होणे ही त्या दशकाच्या विचारव्यूहाची खूण होय. विस्कॉन्सिनचे सिनेटर मॅकार्थी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संशयपर्वात राजकीय भाषा बोलणे धोक्याचे झाले होते. मनाची भाषा तुलनेने सुरक्षित होती.

स्लोन विल्सन यांची ‘द मॅन इन द ग्रे फ्लॅनेल सूट’ (१९५५) ही कादंबरी या दृष्टीने उद्‌बोधक आहे. कलात्मकदृष्ट्या ती थोर नाही; पण तिच्या शीर्षकाने एका पिढीला नाव दिले. नायक टॉम राथ युद्धातील आठवणींनी झपाटलेला आहे, नोकरीत गुदमरतो आहे, आणि त्याच्या पत्नीला राहते घर नकोसे झाले आहे. या घुसमटीवर कादंबरी जो तोडगा काढते त्याकडे टीकाकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. टॉमला आजीची मोठी मालमत्ता वारशाने मिळते आणि तिचे भूखंड पाडून घरे बांधण्याची योजना तो आखतो. उपनगराने ग्रासलेला माणूस उपनगर बांधून मोकळा होतो. समृद्धीच्या चौकटीतील बंडखोरी किती दूर जाऊ शकत होती, याचा हा प्रामाणिक हिशेब आहे.

बुद्धिमंतांची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. तिसाव्या दशकाच्या उत्तरार्धात स्टालिनविरोधी डाव्यांचे मुखपत्र ठरलेल्या ‘पार्टिझन रिव्ह्यू’ने १९५२ मध्ये ‘आपला देश आणि आपली संस्कृती’ या आशयाचा परिसंवाद घेतला. अमेरिकेशी आपले नाते आता वैराचे उरलेले नाही, हा त्यातील बहुसंख्यांचा सूर होता. धोका होता तो समूहसंस्कृतीचा, म्हणजे दूरचित्रवाणीचा, स्वस्त नियतकालिकांचा, सवंग अभिरुचीचा. अभिजात साहित्याचे या लाटेपासून रक्षण करणे हे समीक्षकाचे कर्तव्य ठरले.

४

घराच्या आत कोण होते, याचीही चौकशी आवश्यक आहे. जुलै १९५९ मध्ये मॉस्कोतील अमेरिकन प्रदर्शनात उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएट नेते ख्रुश्चेव यांचा प्रसिद्ध वाद झाला तो नमुनेदार स्वयंपाकघराशेजारी. गृहिणीचे श्रम हलके करणारी यंत्रे हा दोन व्यवस्थांमधील श्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून पुढे करण्यात आला. याच दशकात अमेरिकन स्त्रीचे विवाहाचे मध्यम वय सुमारे वीस वर्षांपर्यंत उतरले होते. मात्र याच काळात घराबाहेर नोकरी करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले नाही, वाढले. नव्या उपभोगाचे हप्ते अनेक घरांत पत्नीच्या पगारातूनही फिटत होते. गृहिणीची प्रतिमा आणि स्त्रीचे प्रत्यक्ष जीवन यांतील हे अंतर जाहिरातीला आणि दूरचित्रवाणीला परवडणारे नव्हते.

बेटी फ्रीडन यांनी १९५७ मध्ये स्मिथ कॉलेजातील आपल्या वर्गमैत्रिणींची जी पाहणी केली, तिच्यातून पुढे ‘द फेमिनिन मिस्टीक’ (१९६३) हा ग्रंथ आकारास आला. त्यात फ्रीडन यांनी आपली ओळख उपनगरातील गृहिणी अशी करून दिली. प्रत्यक्षात त्यांनी अनेक वर्षे कामगार-पत्रकारिता केली होती आणि विद्युत कामगारांच्या संघटनेच्या वृत्तपत्रात लिहिले होते; इतिहासकार डॅनियल हॉरोविट्झ यांनी १९९८ मध्ये हा पूर्वेतिहास तपशिलाने मांडला. कामगार स्त्रीची भाषा बाजूला ठेवून गृहिणीच्या अनाम खिन्नतेची भाषा स्वीकारल्यावरच त्या टीकेला मोठा वाचकवर्ग लाभला. ज्या कृष्णवर्णीय स्त्रिया त्याच उपनगरांत दिवसा धुणीभांडी करून रात्री शहरात परतत होत्या, त्यांची समस्या घरात कोंडले जाण्याची नव्हती. लेविटाउनच्या कलमातील ‘घरकामाचे नोकर वगळता’ हे शब्द त्यांच्यासाठीच लिहिलेले होते.

५

उंबरठ्याबाहेरून लिहिले गेलेले साहित्य या पार्श्वभूमीवर वाचले की त्याचा अर्थ पालटतो. राल्फ एलिसन यांच्या ‘इन्व्हिजिबल मॅन’ (१९५२) या कादंबरीचा निवेदक एका तळघरात राहतो आणि वीज कंपनीची वीज चोरून १,३६९ दिवे पेटवतो. अस्तित्ववादी रूपक म्हणून या तळघराची भरपूर चर्चा झाली आहे. परंतु विजेच्या उपकरणांनी उजळलेले घर हे ज्या दशकाचे स्वप्न होते, त्या दशकात हा माणूस वीज चोरतो, आणि इमारतीच्या विसरल्या गेलेल्या भागात भाडे न देता राहतो, ही बाब निव्वळ रूपकात्मक नाही. समृद्धीच्या हिशेबवहीत ज्याचे खाते नाही, तो स्वतःची नोंद अशी करतो. ग्वेंडोलिन ब्रूक्स यांच्या ‘मॉड मार्था’ (१९५३) या छोट्या कादंबरीत शिकागोतील कोंदट खोल्या, त्यांत शिरणारे शेजाऱ्यांचे आवाज आणि वास यांच्या सूक्ष्म नोंदी आहेत. उपनगरीय कथेत घर जास्त एकाकी असते; येथे घर पुरेसे एकांताचे नाही. एकाच देशातील, एकाच दशकातील या दोन तक्रारी एकमेकींच्या समोरासमोर ठेवल्याशिवाय कोणत्याही एकीचा पूर्ण अर्थ लागत नाही.

लोरेन हॅन्सबेरी यांचे ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक मार्च १९५९ मध्ये ब्रॉडवेवर आले. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेले आणि ब्रॉडवेवर सादर झालेले ते पहिले नाटक. त्याचे कथानक घराच्या खरेदीभोवती फिरते. शिकागोतील यंगर कुटुंबाला पित्याच्या विम्याचे दहा हजार डॉलर मिळतात. आई त्यातील काही रक्कम गौरवर्णीय वस्तीतील घरासाठी भरते. त्या वस्तीच्या संघटनेचा प्रतिनिधी सभ्य भाषेत, हात जोडल्यासारखा, घर परत विकत घेण्याचा प्रस्ताव मांडतो. या सभ्यतेत दशकाची सारी सहमती एकवटली आहे. शिवी नाही, धमकी नाही. फक्त आपापल्या लोकांत राहण्यातच सुख असते, हा समजूतदार युक्तिवाद आहे. हॅन्सबेरी यांच्या वडिलांनी शिकागोत असेच घर घेतले होते, आणि त्यावरचा वाद १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला तो प्रक्रियेच्या मुद्द्यावर. वांशिक निर्बंधाच्या वैधतेला त्याने हात घातला नाही.

नाटक संपते तेव्हा कुटुंब नव्या घराकडे निघालेले असते. अनेक प्रेक्षकांनी हा शेवट सुखान्त मानला. पेनसिल्व्हेनियातील लेविटाउनमध्ये ऑगस्ट १९५७ मध्ये पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले, तेव्हा घरासमोर जमाव जमला, दगडफेक झाली आणि राज्याचे पोलीस बोलवावे लागले. ही घटना नाटकाच्या दोनच वर्षे आधीची. तिचे स्मरण ठेवणाऱ्या प्रेक्षकाला पडदा पडल्यानंतरचा अंक स्पष्ट दिसत असणार.

या कृतींचे कौतुक झाले. एलिसन यांना १९५३ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. हॅन्सबेरी यांच्या नाटकाला न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांचा पुरस्कार लाभला. परंतु ही कृती वंशाच्या मर्यादा ओलांडून वैश्विक होते, हे त्या स्तुतीचे वारंवार आढळणारे सूत्र होते. यंगर कुटुंब हे कोणतेही कुटुंब असू शकते, असे म्हणणे उदार वाटते. पण कोणत्याही कुटुंबाकडे घर परत मागायला कोणी येत नाही. वैश्विकतेच्या या सन्मानाने कृतीतील विशिष्ट आरोप सौम्य केला.

६

हे वाचन समीक्षकांच्या वैयक्तिक दुराग्रहातून आले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यामागे एक सुविकसित समीक्षापद्धती उभी होती. क्लिंथ ब्रूक्स यांचे ‘द वेल रॉट अर्न’ (१९४७), वेलेक आणि वॉरन यांचे ‘थिअरी ऑफ लिटरेचर’ (१९४९), विमसॅट यांचे ‘द व्हर्बल आयकॉन’ (१९५४) या ग्रंथांनी नवसमीक्षेला विद्यापीठीय प्रतिष्ठा दिली. कलाकृती स्वायत्त आहे; तिचा अर्थ लेखकाच्या हेतूत अथवा वाचकाच्या प्रतिसादात शोधू नये; ताण, विरोधाभास आणि उपरोध यांच्या समतोलातून साधलेली सेंद्रिय एकता हे तिच्या मूल्याचे गमक होय, ही तिची भूमिका सर्वपरिचित आहे.

या पद्धतीच्या प्रसाराला एक सामाजिक कारणही होते. माजी सैनिकांच्या लोंढ्याने वर्ग भरून गेले. १९४७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी ग्रंथसंग्रहाची वा अभिजात भाषांची परंपरा नव्हती. कविता छापलेला एक कागद, आणि शब्दांकडे बारकाईने पाहण्याची तयारी, एवढ्या भांडवलावर सूक्ष्म वाचन चालू शकत होते. या अर्थाने नवसमीक्षेने साहित्याची दारे उघडली, हे निःसंशय मान्य केले पाहिजे. तिचे अनेक प्रवर्तक दक्षिणेतील कृषिवादी गटाशी निगडित होते. १९३० मध्ये औद्योगिक संस्कृतीविरुद्ध जाहीरनामा काढणाऱ्या परंपरेतून आलेली दृष्टी विशाल विद्यापीठांच्या अध्यापनाची प्रमाणपद्धती व्हावी, हा इतिहासातील उपरोध तिच्या आवडत्या संकल्पनेला साजेसाच आहे.

परंतु त्या पद्धतीने दार उघडताना वाचकाची चौकशी केली नाही, तशीच कृतीच्या भोवतालाचीही केली नाही. परस्परविरोधी ताणांचे अखेर समतोलात विसर्जन होते, हे गृहीत धरणाऱ्या वाचकाला, न सुटलेला आणि न सुटणारा ताण हा कलेतील दोष वाटण्याची शक्यता असते. मतभेद सामावून घेणारी सहमती हा त्या काळच्या इतिहासलेखनाचा आणि राज्यशास्त्राचाही आदर्श होता. कवितेतील सेंद्रिय एकता आणि राष्ट्रजीवनातील सहमती यांत कार्यकारणसंबंध लावणे घाईचे ठरेल. दोहोंना सारख्याच प्रकारचे प्रश्न गैरलागू वाटत होते, एवढे मात्र म्हणता येते. ॲलन गिन्सबर्ग हे कोलंबिया विद्यापीठात लायोनेल ट्रिलिंग यांचे विद्यार्थी होते. १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी ‘हाउल’चे वाचन केले आणि १९५७ मध्ये त्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला चालला. तेव्हा कविता पुन्हा कागदावरून सार्वजनिक जागेत आली. त्याच सुमारास, डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस, माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीय नागरिकांनी शहर बसवर बहिष्कार घातला होता. त्यांच्या सभांतील भाषणे, प्रार्थना आणि गाणी यांना ‘साहित्य’ म्हणून वाचण्याची सोय त्या काळच्या समीक्षेत नव्हती.

७

या दशकाचा मराठीशी आलेला संबंध दोन भिन्न मार्गांनी आला, आणि ते मार्ग बराच काळ एकमेकांना भेटले नाहीत. विद्यापीठांतून नवसमीक्षा आली. कलाकृतीची स्वायत्तता, आकृतिबंध, सेंद्रिय एकता या संकल्पना मराठी समीक्षेच्या अभ्यासक्रमात रुळल्या. दुसरा मार्ग चळवळीचा होता. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्येच डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. पुढे म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील वास्तव्यानंतर कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे दाखले दलित लेखकांपुढे ठेवले. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्याचा विस्तृत परिचय मराठीत करून दिला. आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले.

परिणामी मराठी वाचकाच्या कपाटात एका कप्प्यात वेलेक-वॉरन आणि दुसऱ्या कप्प्यात एलिसन-बाल्डविन राहिले. दलित साहित्यावर प्रारंभी जे आक्षेप घेतले गेले, त्यांत ते पुरेसे ‘कलात्मक’ नाही, अनुभवाचे कलेत रूपांतर झालेले नाही, हा आक्षेप ठळक होता. त्याला उत्तर देणारे लेखक दुसऱ्या कप्प्यातील साक्ष काढत होते. दोन्ही पक्ष ज्या सामग्रीचा आधार घेत होते, तिचा मोठा भाग एकाच देशातल्या, एकाच पंधरावीस वर्षांतल्या संघर्षातून आलेला होता, याची जाणीव त्या वादात अभावानेच दिसते. पहिल्या कप्प्यातील सिद्धान्त दुसऱ्या कप्प्यातील अनुभवापासून अलिप्त राहूनच वैश्विक झाला होता. हे ध्यानात घेतले असते, तर ‘कलात्मकता विरुद्ध सामाजिकता’ हा वाद कदाचित वेगळ्या शब्दांत मांडला गेला असता.

समृद्धीच्या त्या दशकाचे पुनर्वाचन करताना म्हणूनच टॉम राथचा भूखंड आणि यंगर कुटुंबाचे घर एकाच नकाशावर मांडावे लागतात. भूखंड पाडणाऱ्याची खिन्नता खरी आहे. तिला नाकारण्याची आवश्यकता नाही. त्या भूखंडाच्या खरेदीखतात काय लिहिले होते, हा प्रश्न मात्र कादंबरीत नसला तरी कादंबरीच्या वाचनात आणावा लागतो. तो बाहेरचा प्रश्न आहे, असे म्हणण्याची सवय त्याच दशकाने लावलेली आहे.